सुडोनाना

नाना अर्ज करत नाहीत, फोन करतात. गॅसचं कनेक्शन असो की नातवाचा प्रवेश, खिडकीवरच्या कारकुनाशी बोलणं त्यांना कमीपणाचं वाटतं. निवृत्तीनंतर त्यांनी तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय घेतला, त्यावर उबुंटू चढवलं आणि बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घालणारा पंप रिलेमार्फत ११ नंबरच्या पिनेला, म्हणजे जीपीआयओ १७ ला जोडला. पायथनचा प्रोग्राम सुरू केला, तर उत्तर आलं, ‘परमिशन डिनाइड’.

नानांनी कमांडच्या आधी ‘सुडो’ लावलं. पंप लगेच धावला. “म्हणजे इथेही वर कोणीतरी बसलेलं आहेच!” तो वरचा म्हणजे रूट. त्या दिवसापासून नाना साधी तारीख बघायलाही सुडो लावू लागले आणि सोसायटीने त्यांचं बारसं उरकून टाकलं.

पुढे पंचाईत झाली. प्रोग्राम रूटच्या नावाने चालला, त्यामुळे पाण्याची नोंद ठेवणारी फाइलही रूटच्याच मालकीची झाली. नाना आकडा दुरुस्त करायला गेले, तर पुन्हा नकार. “तुळस माझी, पाणी माझं आणि वही याची?” संतापून त्यांनी फाइलला, आणि हात लागला म्हणून पिनांच्या डिव्हाइस फाइललाही, ‘सीएचमॉड ७७७’ दिलं. वाचा, लिहा, चालवा. सगळ्यांना मोकळं रान. पण डिव्हाइस फाइल दर रीबूटला नव्याने तयार होते, जुन्याच नियमांसकट. “रोज नवा अधिकारी येतो की काय इथे?” नाना वैतागले.

शेजारची इंजिनिअरिंगची पोरगी म्हणाली, “अहो नाना, ‘एलएस’ला ‘एल’ लावून बघा तरी. मालक रूट, गट डायलआउट, आणि गटाला वाचायची-लिहायची मुभा आहे. गटात शिरा, काम झालं.”

“साधा सभासद होऊ?”

“हो. ‘यूजरमॉड’ला मोठा जी लावा, पण आधी छोटा ए विसरू नका. मग लॉगआउट करून परत आत या. नवा गट तेव्हाच लागू होतो.”

छोट्यांना विचारायची नानांना सवय नाही. त्यांनी नुसता मोठा जी ठोकला. छोटा ए जुने गट सांभाळून नवा जोडतो. तो नसला की मूळ गट सोडून जुने सगळे गट जातात. त्यात सुडोचाही गट गेला.

नाना लॉगआउट होऊन परत आले. पंप सुडोशिवाय चालला. खुशीत त्यांनी सवयीने पुढच्या कमांडला सुडो लावलं, तर मशीनने बजावलं की तुमचं नाव सुडोअर्सच्या यादीत नाही, या प्रकाराची तक्रार वर जाईल.

नानांचा चेहरा पडला. “वर म्हणजे कोणाकडे गं?”

“ॲडमिनिस्ट्रेटरकडे.”

“कोण आहे तो?”

“या मशीनचे? तुम्हीच.”

नाना खुर्चीत रेलून बसले. “मग मिटलं. माणूस आपलाच आहे.”