नेक्स्ट दाबलं नाही तर?

गडचांदूरात आता बटनाशिवाय पान हलत नाही. एटीएमवर बटन, गिरणीच्या मोटारीला बटन, आणि गॅसचा नंबर लावायला फोन केला की पलीकडची बाई आधी भाषा विचारते, मग काम विचारते, आणि आपण काही सांगायच्या आत एक, दोन, तीनमधलं काहीतरी दाबायला लावते. आपलं काम नेमकं त्या तिन्हींत नसतं. अक्षर, आवाज, चित्र आणि वर आपलं बोट, एवढं जमलं की त्याला इंटरॅक्टिव्ह मल्टिमीडिया म्हणतात. म्हणजे जीवन प्रमाणपत्रासाठी यंत्रावर अंगठा घासणारे आमचे पेन्शनर लोकही त्याचेच विद्यार्थी.

तालुका कोरपन्याचा, पण बाजार आणि वस्ती गडचांदूरची मोठी. 2001 साली राज्यात एमएस-सीआयटी हा कोर्स सुरू झाल्यावर अशा गावांतून कॉम्प्युटरचे क्लास निघाले आणि सिमेंट कारखान्यांच्या धुळीपासून माऊस झाकायला रुमाल आले. तिथं शिकवतात की मल्टिमीडियाचे घटक पाच: अक्षर, चित्र, आवाज, अ‍ॅनिमेशन आणि व्हिडिओ. हे सगळं एकत्र आलं म्हणजे मल्टिमीडिया, आणि पाहणाऱ्याच्या करण्यानं त्यात फरक पडला म्हणजे तो इंटरॅक्टिव्ह. पाठ पडद्यावरच असतो. एका पोरीनं त्या पाठाचा अर्कच काढला होता.

"सर, आता काय करू?"

"नेक्स्ट दाब."

"अन् नाई दाबलं तर?"

"मंग काहीच नाई होत."

याला मी इंटरॅक्टिव्ह म्हणायला तयार नाही. पोथीचं पानही आपण उलटल्याशिवाय उलटत नाही.

बाकी त्या पाच घटकांना एकत्र नांदवणं सोपं नाही, हे कबूल. जुन्या टीव्हीच्या मापाचं, 640 बाय 480 ठिपक्यांचं एक रंगीत चित्र घ्या. ठिपक्याला तीन बाइट धरले तर एका चित्राला नऊ लाखांवर बाइट लागतात. व्हिडिओत अशी चित्रं सेकंदाला 25. या हिशेबानं 650 एमबीची अख्खी सीडी जेमतेम अर्ध्या मिनिटात भरते. एवढ्यात हिरोची नुसती एन्ट्री होते. मग 1993 साली एमपीईजी-1 नावाची युक्ती प्रमाण ठरली. चित्र लहान करायचं, आणि प्रत्येक वेळी ते पुन्हा पूर्ण न लिहिता आधीच्यापेक्षा काय बदललं तेवढंच लिहायचं. चावडीवरचे म्हातारे हेच करतात: सगळं गाव पुन्हा सांगत नाहीत, कालपासून कुठं काय बिनसलं तेवढं सांगतात. या युक्तीनं एका व्हिडिओ सीडीत, म्हणजे व्हीसीडीत, 74 मिनिटं मावू लागली, आणि गावोगाव टीव्ही व प्लेअर भाड्यानं आणून रात्रभर सिनेमे चालू लागले. दोन सीडींचा सिनेमा, आणि दुसरी सीडी नेहमी खरचटलेली.

पाहणाऱ्याला गोष्टीत हात घालू देण्याची हौस मात्र त्याहून जुनी. 1967 साली माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात राडुझ चिन्चेरा यांनी 'किनोऑटोमॅट' दाखवला. खुर्चीला एक हिरवं, एक लाल बटन. सिनेमा मध्येच थांबायचा, सूत्रधार मंचावर येऊन विचारायचा, पुढं काय व्हावं? बहुमत पडेल तशी गोष्ट पुढं जायची. आता गणित करा. दर वेळी दोन वाटा, आणि असे नऊ प्रसंग आले तर शेवट होतात 512. एवढे सिनेमे कोण काढणार? चिन्चेरांनी सोपं केलं: कोणतीही वाट निवडा, पुढच्या वळणावर दोन्ही एकाच जागी येऊन मिळत. लोक मतं देऊन खूश, गोष्ट मात्र तीच. ग्रामसभेत बसलेल्या माणसाला हे तंत्र समजावून सांगावं लागत नाही.

खरा इंटरॅक्टिव्ह प्रकार पाहायचा तर चंद्रपूर ओलांडून मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडं जावं लागतं. दिवाळीनंतर मंडईची जत्रा आणि बैलांचा शंकरपट यांच्या निमित्तानं तिकडं, म्हणजे झाडीपट्टीत, नाटकं रंगतात. वडसा हे त्यांचं माहेरघर. नाटक कंपन्यांची ऑफिसं तिथंच. रंगवलेले पडदे, दिव्यांचे झोत, गाणं, नाच, मारामारी, आणि रात्री चढलेलं नाटक उजाडता संपतं. पाचही घटक हजर, आणि सहावा समोर चादर अंथरून बसलेला. गाणं आवडलं की तो 'वन्स मोअर' देतो आणि गाणं खरंच पुन्हा होतं. खलनायक जास्त माजला की पब्लिकच त्याला सुनावतं, आणि मुरलेला नट ते ऐकून वाक्य वळवतो. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवर पाच हजारांवर प्रयोग केल्यावर. उत्तर किती लवकर यावं, यालाही माप आहे: संगणक वापरायला सोपा कसा करावा याचे जाणकार जेकब नील्सन यांनी 1993 साली लिहिलं की यंत्रानं सेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर दिलं तर ते माणसाला तत्काळ वाटतं, आणि दहा सेकंदांपुढं लक्ष उडतं. आमच्याकडच्या जिवतीच्या डोंगरात नेटवर्कची वाट पाहत फोनवरचं चाक फिरताना लक्ष कुठवर उडतं, याचा हिशेब त्यात नाही. झाडीपट्टीचा विनोदी नट ते दहा सेकंदही घेत नाही. उशीर केला तर पब्लिक स्वतःच संवाद म्हणतं.

फरक एवढाच की पडद्यावरच्या पाठाला आपली उत्तरं आधीच ठाऊक असतात, आणि नटाला नसतात. म्हणून मल्टिमीडिया शिकवणाऱ्या मास्तरांनी एक सहल काढावी. पोरांना वडशाकडच्या एखाद्या नाटकाला न्यावं, चादर आणि स्वेटर घ्यायला सांगावं, आणि 'वन्स मोअर' कुणी दिला म्हणून रागावू नये. परीक्षेत त्याला गुण नाहीत, पण ते देण्याची तरतूद करता येईल.