बोर्ड लावून टाका, राजेहो!

अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाचा फुटबॉल संघ 1941 साली दोन सामने हरला. पत्रकारांनी मतं मोजून देशातल्या संघांची क्रमवारी लावली, तीत तो विसावा आला. पुढं चाळीसेक वर्षांनी विद्यापीठाच्या प्रसिद्धी खात्यानं जुन्या याद्या चाळल्या. कुठल्याशा हिशेबनीसाच्या यादीत अलाबामा पहिला सापडला आणि 1941 चं राष्ट्रीय विजेतेपद खात्यावर जमा झालं. तिथल्या वरच्या गटाच्या कॉलेज फुटबॉलमध्ये क्रीडा संघटना स्वतः विजेता जाहीरच करत नाही. मग बोर्ड लावेल तो विजेता. 2017 साली सेंट्रल फ्लोरिडाचा संघ एकही सामना हरला नाही, पण शेवटच्या चौघांत त्याला कुणी घेतलं नाही. त्यांनी सरळ स्वतःला विजेता जाहीर केलं, मिरवणूक काढली आणि प्रशिक्षकांना बक्षिसंही वाटली.

हे कळल्यापासून मला अमरावतीच्या भोळेपणाची काळजी लागली आहे. 1914 साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं 1936 साली थेट बर्लिनला गेली. ऑलिम्पिकच्या निमित्तानं त्यांनी तिथं कबड्डी आणि आपले देशी व्यायामप्रकार करून दाखवले. एवढं भांडवल हाताशी असून आपण काय केलं? स्पर्धा परीक्षेच्या गाइडात एका मार्काचा प्रश्न!

राजकमल चौकात मी हा विषय काढला, तर एक दादा लगेच म्हणाले, "काहून गा, आपन तं ऑलिम्पिकच जिंकलो असन नं!"

तिथं एक मास्तर होते. अशा बैठकीत एक मास्तर असतोच. त्यांनी सांगितलं की बर्लिनच्या अधिकृत प्रात्यक्षिक खेळांत बेसबॉल आणि ग्लायडिंग होतं, त्या यादीत कबड्डी नाही.

"यादीत तं माह्या बुढ्याचंबी नाव नाही," दादा म्हणाले, "म्हणून काय बुढा नाही का?"

मास्तर निरुत्तर झाले. मग दादांनी खरा मुद्दा काढला. त्या साली बर्लिनमध्ये कबड्डी खेळणारं दुसरं होतं कोण? जर्मन, जपानी, अमेरिकन, कुणीच नाही. एकच अर्ज आला तर निवडणूक अधिकारी काय करतो? बिनविरोध! सोसायटीपासून जिल्हा बँकेपर्यंत सगळे संचालक असेच तर निवडून येतात. त्यांच्या गळ्यात हार पडताना कुणी विचारतं का की समोर कोण होतं? तेव्हा 1936 चं कबड्डीचं जागतिक विजेतेपद अमरावतीला बिनविरोध.

ध्यानचंदांच्या हॉकी संघानं त्याच ऑलिम्पिकमध्ये 15 ऑगस्टला जर्मनीला 8-1 असं लोळवून सुवर्ण घेतलं. त्या पदकावर मात्र कुणी चौकात बसून बोलत नाही. वाद नसलेल्या पदकात काय मजा आहे?

बातमी बडनेऱ्याच्या पुढं गेली आणि अकोला जागं झालं. पंजाबराव अमरावतीचे, त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ अकोल्यात. वऱ्हाडात दाव्यांची सरमिसळ तशी जुनीच. अकोल्याच्या जावईबापूंचा फोन आला, "तुमच्याजवळ नुसती गोष्ट आहे. आमच्याजवळ सर्टिफिकेट आहे."

त्यांचं खरं आहे. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते मानादरम्यान 75 किलोमीटर डांबरी थर सलग टाकला. वेळ 105 तास 33 मिनिटं. गिनीजनं मोहोर उमटवली, कतारमधल्या दोह्याचा विक्रम मोडला. फक्त लोणी अमरावती जिल्ह्यात, माना अकोल्यात. आणि हे 75 किलोमीटर एका पदराचे. दोन पदरांचा रस्ता म्हणून मोजला तर साडेसदतीस.

मला हा हिशेब फार आवडला. कबड्डीला लावून बघा: एका चढाईचं जाणं वेगळं धरायचं, येणं वेगळं धरायचं. गुण आपोआप दुप्पट.

माझं मत कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. 1936 साली, इंग्रजांच्या राज्यात, एका जिल्ह्याच्या गावची पोरं समुद्र ओलांडून गेली आणि ज्यांनी जन्मात कबड्डी पाहिली नाही त्यांच्यासमोर दम धरून खेळली. त्याला 'अधिकृत ऑलिम्पिक'चा शिक्का लावायला गेलं की कुणीतरी मास्तर उठतो आणि यादी काढतो. मग पोरं खोटी ठरतात, जी खोटी नव्हतीच. हे मी चौकात बोललो नाही. तिथं तोवर फ्लेक्सचा आकार ठरत होता.

दहा बाय वीस. मजकूर एकमतानं मंजूर. अडलं ते फोटोंवर. पालकमंत्री हवेत, आमदार हवेत, माजी आमदार रुसतील म्हणून तेही हवेत, इच्छुक तर हवेतच. काहीजण सांगतात की तेव्हा खुद्द हिटलरनं पदक दिलं. मग त्याचा फोटो टाकायचा की 'सौजन्य' म्हणून नुसतं नाव, यावर उपसमिती नेमली. मास्तरांना अध्यक्ष केलं, म्हणजे ते गप्प बसतील.

उपसमिती बसायच्या आतच फ्लेक्स छापून आला. बत्तीस चेहरे, सगळे हात जोडून. कबड्डीवाल्या पोरांचा फोटो कुठं गेला म्हणून विचारलं, तर छापणारा म्हणाला, "भाऊ, जागा संपली. मागच्या बाजूनं टाकू काय?"