बुरशीशी अहिंसक लढा : नवी मुंबईकरांसाठी मार्गदर्शक सूचना

जून ते सप्टेंबर या काळात नवी मुंबईतल्या कोणत्याही सदनिकेत मालक, भाडेकरू आणि बुरशी असे तीन पक्ष नांदतात. त्यांत बुरशीचा हक्क सर्वांत जुना. १९७० साली सिडको आली, खाडीकाठच्या दलदलीवर नि मिठागरांवर भराव पडला, सेक्टर आखले गेले. ओल मात्र जागची हलली नाही. प्रकल्पग्रस्तांच्या साडेबारा टक्के योजनेतला भूखंड न मिळाल्यामुळे ती थेट तुमच्या कपाटात राहायला आली. तिला रसायनांशिवाय, पर्यावरणाला धक्का न लावता बाहेर काढू इच्छिणाऱ्या सुजाण कुटुंबांसाठी या सूचना.

१. शत्रू ओळखावा. कपाटामागची भिंत काळी-हिरवी, चामडी पट्टा पांढरा आणि शालूला कुबट वास, ही बुरशी. रंगाचे पोपडे सुटून भिंतीवर पांढरी भुकटी फुलली असेल, तर तो लोणा. म्हणजे भिंतीत मुरलेल्या पाण्याबरोबर बाहेर आलेले क्षार. त्यावर लिंबू पिळू नये, गळती शोधावी. त्यासाठी सोसायटीच्या सभेत विषय मांडावा. वरच्या मजल्यावरचे म्हणतील, पाणी गच्चीतून येतं. गच्ची सर्वांची असल्याने विषय पुढच्या सभेत जाईल.

२. सोडा आणि व्हिनेगर. दोन्ही एकत्र ओतताच भरघोस फेस येतो. तो सर्वांना बोलावून दाखवावा, कारण दाखवण्यापलीकडे त्याचा फारसा उपयोग नाही. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात, कर्बवायू उडून जातो आणि मागे किंचित खारट पाणी उरते. वेगवेगळे वापरल्यास दोघेही कामाचे : खाण्याचा सोडा तेलकट ओट्याला, व्हिनेगर नळावरच्या पांढऱ्या थराला. मात्र संगमरवर, कोटा किंवा शहाबादी फरशीवर व्हिनेगर किंवा लिंबू टाकू नये. या दगडांना आम्ल खाते आणि चकाकी कायमची जाते. व्हिनेगर आणि ब्लीच तर चुकूनही एकत्र करू नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो, तिथे विनोद संपतो.

३. बायो-एन्झाइम. एक भाग गूळ, तीन भाग मोसंबीच्या साली, दहा भाग पाणी. मुदत तीन महिने. मृगाच्या पहिल्या सरीला बरणी भरली की द्रावण गणपती उरकल्यावर, म्हणजे पावसाळा परतीला लागल्यावर तयार होते. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडावा, नाहीतर बरणी स्वतःच सोडते. हे आंबवण्याचे काम करणारे यीस्ट बुरशीच्याच कुळातले. भिंतीवरची बुरशी घालवायला ओट्याखाली तिचे भाऊबंद पाळण्याची ही पद्धत अहिंसेच्या व्याख्येत चपखल बसते. कामाला येणाऱ्या मावशी बरणी हुंगून म्हणतील, "ताई, हे राहू द्या, फिनेल आणा." चर्चा वाढवू नये.

४. मिठाची वाटी. कपाटात ठेवावी. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ पाणी ओढू लागते, त्यामुळे जुलैत वाटीत पाणी दिसून समाधान लाभते. हिशेब मात्र पाहावा : दहा बाय दहाच्या खोलीतल्या दमट हवेत अर्धा ते पाऊण लिटर पाणी वाफेच्या रूपात असते आणि खिडकी उघडताच नवा साठा आत येतो. हे वाटीने खाडी उपसणे झाले. त्यात बाहेर पाऊस म्हणून मशीनभर कपडे बेडरूममध्ये दोरीवर घालावेत, की आणखी लिटर-दीड लिटर पाणी आपणच हवेत सोडतो.

५. कंटाळवाणे उपाय. यांचा व्हिडिओ करता येत नाही, म्हणून शेवटी. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे. अंघोळ झाल्यावर बाथरूमची फरशी वायपरने निपटावी आणि एक्झॉस्ट चालू ठेवावा. कपडे ड्राय बाल्कनीत, घराकडचे दार लावून वाळवावेत. पावसाची उघडीप मिळाली की खिडक्या आणि कपाटे सताड उघडावीत. एसी असेल तर ड्राय मोडवर चालवावा. फरशीला चिंब पोछा नको, घट्ट पिळलेला हवा. भिंतीवरची बुरशी कोरड्या झाडूने झटकू नये, त्याने बीजाणू घरभर उडतात. तोंडाला मास्क लावून ती साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावी आणि लगेच पंखा लावून भिंत वाळवावी.

निष्कर्ष असा, की लिंबू, गूळ, साली यांनी बुरशीचे काही बिघडत नाही. पाणी मिळाले नाही की तिची वाढ थांबते. तेव्हा यंदा बरण्या कमी आणा आणि एक वायपर जास्त. तो मावशींच्या हाती देण्याआधी आठवडाभर स्वतः चालवून पाहा, मग त्यांच्या पगारवाढीचा विषय मात्र पुढच्या सभेवर ढकलू नका.