ग्रिलप्रमुखांसाठी मार्गदर्शक सूचना

उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन कुटुंबांनी मिळून आरव्ही भाड्याने घ्यायची आणि यलोस्टोन गाठायचं, हा अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांचा आता कुळाचार झाला आहे. ‘एवढी मोठी गाडी घेतलीच आहे, तर’ या शब्दांनी सामानाची यादी सुरू होते आणि प्रोपेनच्या ग्रिलवर येऊन थांबते. गाडीत शेगडी असताना हे धूड कशाला, असं पुण्याहून आलेल्या आई विचारतील. गाडीच्या गाद्यांना फोडणीचा वास लागला तर साफसफाईचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातात, एवढंच त्यांना सांगावं. पैशाचा मुद्दा त्यांना लगेच पटतो.

सर्वप्रथम ग्रिलप्रमुख नेमावा. तीन कुटुंबांत पाच इंजिनिअर निघतात. त्यातले चार सॉफ्टवेअरचे आणि पाचवा मेकॅनिकल, पण तोही पदवीपुरताच. ज्याने मॅन्युअल उघडून पाहिलं असेल त्याला हे पद द्यावं. असा कोणी न सापडल्यास ज्याच्या कार्डावर डिपॉझिट अडकलंय त्याला द्यावं.

जागा सपाट, मोकळी आणि गाडीपासून चार पावलं लांब असावी. ऑनिंगखाली ग्रिल लावू नये, ते कापड असतं. पाऊस आला म्हणून पेटतं ग्रिल दारात किंवा आत तर मुळीच घेऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे ‘काही होत नाही रे’ म्हणणाऱ्याला काही होतंय हे कळतच नाही. या एका बाबतीत बहुमत घेऊ नये.

आता गॅस. घरच्या 14.2 किलोच्या लाल सिलिंडरवर वाढलेल्या माणसाला इथली एक पौंडाची हिरवी बाटली खेळण्यातली वाटते. तिच्यात साधारण 21,000 बीटीयू उष्णता असते. 10,000 बीटीयूचा बर्नर पूर्ण उघडा ठेवला तर ती जेमतेम दोन तास पुरते, म्हणजे वांगी होतात, कणसं होतात आणि पनीर अर्धं भाजून झालं की ज्योत मान टाकते. बाटली रिकामी झाली, तरी तिच्यात थोडा वायू उरलेला असतो. तिचं डोकं कापून कोथिंबिरीची कुंडी करण्याचा आईंचा बेत तिथल्या तिथे मोडून काढावा.

म्हणून मंडळींची नजर गाडीच्या कुशीतल्या कनेक्शनकडे वळते. कॉलर मागे ओढायची, नळी आत ढकलायची, खट्. गॅस मोठ्या टाकीतून येतो, फुकट असल्यासारखा वाटतो आणि खरा घोळ इथेच सुरू होतो. टाकीपाशी गाडीचा स्वतःचा रेग्युलेटर असतो. तो दाब 11 इंच पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे आपल्याकडच्या स्वयंपाकघरातल्या शेगडीच्या दाबाच्या जवळपास, उतरवूनच गॅस पुढे सोडतो. पण ग्रिल बनवलेलं असतं हिरव्या बाटलीसाठी. बाटलीतला दाब जबरदस्त, म्हणून ग्रिलच्या तोंडाशीही एक रेग्युलेटर बसवलेला असतो. दोन्ही एकामागोमाग आले की सोसायटीत दोन चेअरमन निवडून आल्यासारखं होतं. पहिला जे मंजूर करतो ते दुसरा अडवतो आणि बर्नरपर्यंत पोचते ती निरांजनाएवढी निळी ज्योत. त्या ज्योतीभोवती पाच इंजिनिअर उभे राहतात. इथली हवा विरळ आहे, टाकी संपत आली आहे, नळी लांब आहे, असे तीन सिद्धान्त मांडले जातात आणि वांगं तसंच गार राहतं.

मार्ग दोनच. ग्रिलचा रेग्युलेटर काढता येतो असं उत्पादकाने म्हटलं असेल, तर तो काढून गाडीच्या कनेक्शनची योग्य नळी बसवावी. तो काढता येत नसेल, तर गाडीच्या गॅसचा नाद सोडावा आणि 20 पौंडांची वेगळी टाकी घेऊन तिला उच्च दाबाची नळी लावावी. ग्रिलचा रेग्युलेटर काढून तेच ग्रिल थेट टाकीला जोडणं, हा तिसरा मार्ग सुचवणाऱ्याला लाकडं गोळा करायला पाठवावं.

टाकीचा मोठा प्लॅस्टिकचा नट हातानेच आवळावा, पान्हा लावू नये. मग भांड्यांचा साबण पाण्यात कालवून प्रत्येक सांध्यावर लावावा. बुडबुडे फुगले तर गळती आहे. ही तपासणी काडी ओढून करणारे काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतात, त्यांच्याकडे कांदे कापायला द्यावेत. गळती कळावी म्हणून प्रोपेनमध्ये मुद्दाम गंधकयुक्त वास मिसळतात. पण टेबलावर लसणाची चटणी उघडी असेल, तर नाकाच्या साक्षीवर विसंबू नये.

पेटवताना झाकण आधी उघडावं. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो, तळाशी साचून राहतो. टाकीची चावी हळू फिरवावी. झटक्यात उघडली तर नळी फुटली असं समजून आतली सुरक्षा यंत्रणा गॅस आवळून धरते आणि पुन्हा ती निरांजनाची ज्योत. मग सगळं बंद करून थोडं थांबायचं आणि सावकाश पुन्हा. थंडीची चिंता नको. प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत उकळत राहतो. शून्याच्या आसपास रुसतो तो ब्यूटेन.

वांग्याला टोचे मारायला विसरू नये, नाहीतर ते फुटतं आणि फुटतं तेव्हा नेमके मेकॅनिकलवाले वाकून पाहत असतात. चिकनशेजारी पनीर चालणार नाही, अशी हरकत येईलच. त्यावर अर्धी जाळी फॉइलने झाकून द्यावी. श्रद्धेपोटी पूर्ण जाळी झाकू नये, उष्णता खालीच कोंडते आणि नॉब वितळतात.

आवरताना टाकीची चावी आधी बंद करावी, नळीतला उरलेला गॅस जळू द्यावा आणि मगच नॉब फिरवावेत. ग्रिल गार झालं की जाळी घासावी, तीही त्याच रात्री. यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये ग्रिझली अस्वलांमुळे तंबूंना परवानगीच नाही, फक्त पक्क्या भिंतींच्या गाड्या चालतात. तेव्हा भरिताचा वास लागलेलं ग्रिल ‘सकाळी बघू’ म्हणून टेबलावर सोडता येत नाही. ते गाडीच्या खालच्या कप्प्यात बंद करावं. घासणार कोण, यावर रात्री अकरापर्यंत चर्चा चालते आणि शेवटी आईच पदर खोचून उठतात. तेवढं मात्र होऊ देऊ नये, कारण नंतर वर्षभर ते ऐकावं लागतं.