पोटभाडेकरूची बढती

लॅपटॉप घेताना दुकानदाराला मी एकच प्रश्न विचारला होता, एक्सेल चालेल ना? चालतं. त्यात ग्राफिक्स कार्ड आहे का, ही चौकशी सुट्टीला आलेल्या भाच्याने केली. "इंटिग्रेटेड आहे," असं स्वतःच शोधून काढलं आणि "अरेरे, मामा!" म्हणाला. हा स्वर आमच्याकडे आयसीयूच्या बाहेर लावतात.

मग माझं शिक्षण सुरू झालं. चित्रं रंगवणारी चिप प्रोसेसरच्याच पोटात राहते, पण तिची स्वतःची मेमरी नसते. थोडक्यात, पोटभाडेकरू. नळ मालकाचा आणि आधी बादल्याही त्याच्याच भरायच्या. माझ्याकडे ८ जीबीची एकच डीडीआर४ स्टिक, म्हणजे सेकंदाला फार तर २५.६ जीबीची धार. त्यात विंडोज, बायकोच्या रेसिपीचे सतरा टॅब आणि वर गेम. दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपमधल्या स्वतंत्र आरटीएक्स ३०६० कार्डला ३३६ जीबी मिळतात, तेही एकटीला!

पण भाचा आमच्याच घराण्यातला. आहे त्यात भागवणं रक्तात आहे. २०१५ साली पीसीवर आलेला जीटीए फाइव्ह हा गेम त्याने लावला आणि काटकसर सुरू केली. पडद्यावरचे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके ९ लाख २१ हजार ६०० वर आणले. गवत कापलं. शेवटी नोटपॅडमध्ये सेटिंगची फाइल उघडून सावल्याही शून्यावर नेल्या. गेममधल्या लॉस सँटोस शहराच्या रणरणत्या उन्हात माणसं बिनसावलीची हिंडू लागली. आमच्या कोकणात अशांना कुणी वेळसुद्धा विचारत नाही. हा त्यांच्या गाड्या पळवत होता.

तरी चित्र अडखळतच होतं. त्यात मला एक शोध लागला. लॅपटॉपच्या स्टिकरवर 'आयरिस एक्सई' आणि आत डिव्हाइस मॅनेजरमध्ये नुसतं 'यूएचडी'! मी बिल शोधायला उठलो. भाच्याने बसवलं. इंटेलच्या या अकराव्या पिढीत रॅम दोन वाटांनी येत असेल तरच चिपला आयरिस म्हणायचं, एकच वाट असेल तर यूएचडी. दुसरी स्टिक आणली, बसवली. चिप तीच, पण पाटी बदलली आणि गेमही बऱ्यापैकी पळू लागला. मी तीस वर्षं नोकरी केली. शेजारी आणखी एक टेबल मांडलं म्हणून मला कुणी बढती दिली नाही.

आता अडचण उष्णतेची. प्रोसेसर आणि चिप दोघांचा पंखा एक, विजेचा वाटाही एकच. जरा तापलं की दोघंही कामाचा वेग उतरवतात. खालून वारा लागावा म्हणून भाच्याने लॅपटॉप चौरंगावर ठेवला, दोन बाजूंना वाट्या उपड्या घालून.

गुरुवारी संध्याकाळी बायको पूजेची थाळी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"चौरंग दे."

"मामी, पाच मिनिटं," तो मान वर न करता म्हणाला, "पोलीस मागे लागलेत."