लॅपटॉपची कंपनी बदलल्यावर पहिले मत कसे बनवावे

एकाच कंपनीचा लॅपटॉप वर्षानुवर्षे वापरून, तो ऐन कामाच्या वेळी मान टाकून बसल्यावर रागाच्या भरात दुसऱ्या कंपनीचा घेतलेल्या, वसईतील माणिकपूर व परिसरातील सर्व रहिवाशांसाठी हे मार्गदर्शन आहे. मेहुण्याच्या सांगण्यावरून कंपनी बदललेल्यांनाही ते लागू आहे. त्यांनी पुढील मजकुरात दोष दिसेल तिथे मेहुणा आणि गुण दिसेल तिथे स्वतःला धरावे.

प्रथम एक तत्त्व ध्यानात घ्यावे. नव्या लॅपटॉपविषयी पहिल्या आठवड्यात जी तक्रार होते, ती बहुधा जुन्या लॅपटॉपला सरावलेल्या बोटांची असते, आणि जे कौतुक होते ते खिशातून गेलेल्या पैशांचे असते. या दोहोंच्या मधे लॅपटॉप नावाची वस्तू टेबलावर असते, तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही. हे तत्त्व समजले तरी वागण्यात काही फरक करू नये. मत तर बनवायचेच आहे.

खोका उघडण्याआधी मुहूर्ताचा प्रश्न येतो. माणिकपुरात तो दोन्ही पद्धतींनी सुटतो. कोणी झाकणावर हळदकुंकवाचे बोट लावून अक्षता टाकतात, कोणी पवित्र पाण्याचे दोन थेंब शिंपडतात. दोन्ही विधी यंत्राला चालतात, मात्र झाकण मिटलेले असावे. अक्षतेचा एक दाणा एंटरखाली गेला की पुढचे सहा महिने प्रत्येक परिच्छेद दोनदा सुटतो. वॉरंटीच्या कागदावर अक्षतांचा उल्लेख नसतो, आणि दुकानदाराला खरे कारण सांगायला जीभ रेटत नाही.

त्यानंतर पातळ प्लास्टिक. स्क्रीनवरचे काढावे लागते म्हणून काढावे. झाकणावरचे काढू नये, ते स्वतःहून कोपऱ्यातून सुटून काळे पडेपर्यंत थांबावे. कीबोर्डाखालची चिकटपट्टीही राहू द्यावी. आत इंटेल आहे हे बाहेरून सांगण्याची पद्धत 1991 पासून चालू आहे, ती आपल्या घरात मोडण्याचे कारण नाही. पाहुणे प्रोसेसर उघडून बघत नाहीत, स्टिकर वाचतात.

आता मुख्य विषय, कीबोर्ड. पहिले मत इथे बनते आणि इथेच बिघडते, म्हणून थोडे सविस्तर.

डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात कोणती कळ आहे ते आधी पाहावे. बहुतेक कंपन्या तिथे कंट्रोल ठेवतात. थिंकपॅडवर वर्षानुवर्षे त्या जागी एफएन होती आणि कंट्रोल तिच्या उजवीकडे. अशा दोन घराण्यांमध्ये ये-जा करणाऱ्या माणसाची करंगळी काही दिवस घरची ना दारची होते. कंट्रोल-सी दाबले असे वाटते, दाबलेले असते एफएन-सी. त्यामुळे काहीच कॉपी होत नाही. पण पुढचे कंट्रोल-व्ही नेमके बरोबर लागते, आणि पेस्ट होतो त्याआधी कधीतरी कॉपी केलेला मजकूर. साहेबांना पाठवलेल्या मेलमध्ये ग्राहक क्रमांकाच्या जागी ‘ताई, आज पापलेट काय भाव?’ जाते. ही अडचण एका सेटिंगने सुटते. लॅपटॉप चालू होताना बायोसमध्ये शिरून दोन्ही कळांची अदलाबदल करता येते. पण तसे केले तर सांगण्यासारखी तक्रार उरत नाही. त्यामुळे निदान सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपर्यंत ते करू नये.

उजवा वरचा कोपराही तपासावा. अनेक नव्या लॅपटॉपांत पॉवरचे बटण कीबोर्डातच, डिलीटला खेटून बसवलेले असते. ज्यांना फाइली पुसायचा नाद आहे त्यांना हे पहिल्याच संध्याकाळी कळते. पंधरा इंची लॅपटॉपवर उजवीकडे आकड्यांची वेगळी पेटी आली की मुख्य कीबोर्ड आणि टचपॅड डावीकडे सरकतात आणि माणूस तिरका बसू लागतो. मान आखडली की ‘या कंपनीचा लॅपटॉप लाभत नाही’ असे म्हणण्यास हरकत नाही.

चारच्या कळीवर छापलेले रुपयाचे चिन्ह हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. हे चिन्ह सरकारने 2010 मध्ये स्वीकारले, कंपन्यांनी ते कळीवर छापले, पण कळ दाबून ते उमटेलच असे नाही. विंडोजमध्ये कीबोर्डाची भाषा अमेरिकी इंग्रजी असेल तर छापलेले चिन्ह केवळ शोभेला. इंग्रजी (इंडिया) निवडून उजव्या ऑल्टसह चार दाबले की ते येते. ही माहिती घरात कुणाला देऊ नये. ज्याला येते त्याच्याकडे सगळी बिले टाइप करायला येतात.

मराठीचे काय, हा प्रश्न दुकानात विचारू नये. दुकानदार म्हणतो, “काका, सगळं येतं ह्याच्यात,” आणि ते खरेही असते. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट पूर्वीपासून आहे, 2019 पासून इंग्रजी उच्चाराबरहुकूम टाइप करायचा फोनेटिक कीबोर्डही आहे. ॲपलकडेही हे दोन्ही प्रकार मिळतात. यातले काही न वापरता आपले लोक गूगलच्या जुन्या इनपुट टूल्सचा शोध घेतात. विंडोजसाठीची ती फाइल गूगलने देणे केव्हाच थांबवले. पण प्रत्येक खानदानात कोणीतरी ती पेनड्राइव्हवर अंगाऱ्यासारखी जपून ठेवलेली असते.

याहून बिकट प्रसंग म्हणजे समाजाच्या स्मरणिकेची जुनी फाइल. ती कधीकाळी श्रीलिपीत किंवा सी-डॅकच्या आयएसएममध्ये बसवलेली असते. नव्या लॅपटॉपवर ते फॉन्ट नसतात, त्यामुळे अध्यक्षांचे मनोगत उघडताच रोमन अक्षरे, डॉलर आणि कंस यांचा सडा दिसतो. इथे वस्तुस्थिती अशी की जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच घरांत मराठी चित्रे बसवत असत. फॉन्ट गेला की चित्र जाते आणि मूळचे अक्षर उघडे पडते. देवनागरीला युनिकोडमध्ये स्वतःची घरे 1991 मध्येच मिळाली आणि विंडोज 2000 पासून मंगल हा युनिकोड फॉन्ट सोबत येऊ लागला, तरी आपल्याकडची छपाई पुढे कित्येक वर्षे जुन्याच घरात नांदली. यात लॅपटॉपच्या कंपनीचा दोष तिळमात्र नाही. तरीही तो तिलाच द्यावा. स्मरणिका समितीला दोष देऊन माणिकपुरात राहणे कठीण.

साठवणुकीबाबत सर्वांना एकच धक्का बसतो. खोक्यावर 512 जीबी, स्क्रीनवर 476. उरलेले छत्तीस कोणी खाल्ले? दुकानदारावर संशय घेण्याची रीत आहे, पण हिशेब वेगळा आहे. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज 1,024 च्या पटीत मोजून तोच जीबी शब्द लिहिते. ॲपलने 2009 पासून आपल्या संगणकांवर हजाराचा हिशेब धरला. म्हणजे तिकडे गेल्यास हे छत्तीस जीबी परत मिळतात. त्यासाठी किती जास्त मोजावे लागतात, हा भाग या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेर आहे.

तिकडे जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट मनाशी ठरवून जावे. दोन बोटे खाली ओढली की पान कोणत्या दिशेला जावे? ॲपलने 2011 मध्ये ही दिशा उलटी केली आणि तिला नैसर्गिक असे नाव दिले. आजवर आपण जे करत होतो ते अनैसर्गिक होते, हे वयाच्या पन्नाशीत ऐकून घ्यावे लागते. सेटिंगमध्ये एक खूण काढली की पूर्ववत होते. न काढता आठवडाभर सोसले तर मग ऑफिसातला विंडोजवाला उलटा वाटू लागतो.

कॅमेऱ्याविषयी मत देण्यापूर्वी घाई नको. अंबाडी रोडवरच्या एका दुकानात नुकतेच घडले ते असे. एक गृहस्थ तावातावाने आले. “शेठ, दोन दिवसांत कॅमेरा गेला. मुलगी कॅनडातून म्हणते, पप्पा, तुम्ही अंधारात का बसता? मी ट्यूबलाइट बदलली.” दुकानदाराने लॅपटॉप घेतला, स्क्रीनच्या वरच्या कडेला नखाने अर्ध्या सेंटिमीटरची एक पट्टी सरकवली आणि गृहस्थांचा संतापलेला चेहरा पडद्यावर स्वच्छ उमटला. गृहस्थ काही क्षण स्वतःकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “पण आधीच्या कंपनीत असं नव्हतं.” हे वाक्य पाठ करून ठेवावे. कोणत्याही प्रसंगी चालते, आणि ते कोणालाही खोडता येत नाही.

बॅटरीचा आकडा कंपनी स्वतः मोजते. त्यासाठी प्रकाश मंद केलेला असतो, सतत एकच व्हिडिओ चालू असतो आणि पंचवीस टॅब उघडणारा माणूस प्रयोगशाळेत येऊ दिलेला नसतो. आपल्याकडची कसोटी वेगळी. जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्यात गेले, नालासोपाऱ्याला रूळ बुडून गाड्या थांबल्या आणि अनेक वस्त्यांत वीज नव्हती. त्या दिवसांत ज्याच्या लॅपटॉपवरून शेजाऱ्यांचे फोन चार्ज झाले, त्याच्या कंपनीचे नाव त्या इमारतीत अजून आदराने घेतले जाते. लॅपटॉप म्हणून तो कसा होता हे कोणी विचारत नाही. आता तर उलटा उपदेश आहे. बऱ्याच कंपन्यांच्या सेटिंगमध्ये चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय असते, तेवढ्याने बॅटरीचे आयुष्य वाढते. खरे आहे. पण पावसाळ्यात आभाळ भरून आले असता ऐंशीवर थांबायला जो धीर लागतो, तो सेटिंगमध्ये मिळत नाही.

चार्जरबद्दल एवढेच की जुने टाकू नयेत. ते नव्याला लागत नाहीत, म्हणूनच टाकू नयेत. टाइप-सीमुळे सगळे एकाच वायरीवर येईल असे म्हणतात, युरोपने तर 28 एप्रिल 2026 पासून लॅपटॉपनाही ती सक्तीची केली. आपल्या घरातला खण मात्र गोल पिना, चौकोनी पिना आणि मिकी माउसच्या तोंडाच्या वायरींनी भरलेलाच राहील.

वजनाचे मत घरी बनवू नये. दुकानात एका हाताने उचलून “हलका आहे हो” म्हणणे याला पुरावा मानत नाहीत. लॅपटॉप बॅगेत, बॅग छातीशी, आणि माणूस सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये, अशा स्थितीत भाईंदरची खाडी ओलांडावी. दोन किलोंवरचा असेल तर खाडीवरच कळते. पातळ असेल तर दहिसरच्या आसपास कोणाच्या तरी कोपराने कळते, कारण पातळ झाकणावर बाहेरून दाब आला की आतली काच आधी जाते. परतीच्या विरार गाडीत बोरिवलीला उतरणारा कोणी शिरला असेल, तर त्यानंतर जे घडते त्यात बॅग डोक्यावर धरणे उत्तम.

सर्व्हिसचा विचार खरे तर आधी करायचा असतो, पण तो नंतरच होतो, म्हणून इथे नंतर घेतला आहे. आपला पिनकोड 401 ने सुरू होतो. 400 वाला मुंबईकर, 401 वाला बाहेरगावचा, असा एका हेल्पलाइनवरच्या मुलीचा ठाम समज होता. तिला सांगितले की आम्ही रोज मुंबईतच असतो, फक्त झोपायला इकडे येतो. ती म्हणाली, “सर, मग लॅपटॉप पण मुंबईत आणा ना.” वॉरंटी ऑनसाइट, म्हणजे माणूस घरी येणारी, की आपण उचलून न्यायची, हे बिल होण्यापूर्वी वाचावे. तिथे प्रोसेसरपेक्षा जास्त मोठा फरक आहे. नाहीतर शेवटी लॅमिंग्टन रोड आहेच. त्याचे कागदोपत्री नाव डॉ. भडकमकर मार्ग होऊन जमाना झाला, पण लॅपटॉप दुरुस्तीला आजही लॅमिंग्टनलाच न्यावा लागतो.

काहींना कंपनी बदलल्यावर बेइमानी केल्यासारखे वाटते. त्यांनी मनाला लावून घेऊ नये, कारण कंपन्यांनी आपल्याशी असा संकोच कधी ठेवलेला नाही. आयबीएमने आपला पीसीचा धंदा 2005 मध्ये लेनोवोला दिला, थिंकपॅडवाले रात्रीत चिनी कंपनीचे गिऱ्हाईक झाले. कॉम्पॅक 2002 मध्ये एचपीत गेली. सोनीने 2014 मध्ये वायो विकून टाकला. त्या वेळी कोणी आपल्याला येऊन विचारले नव्हते. शिवाय आपण स्वतः कुठे एका जागी राहिलो? घर तेच, पण नवघर-माणिकपूर नगरपरिषद होती तिची 2009 मध्ये वसई-विरार महापालिका झाली. ठाणे जिल्हा होता तो 1 ऑगस्ट 2014 ला पालघर झाला. स्टेशनवर वसई रोड लिहितात, पण रेल्वेच्या यादीत त्याचा संकेत अजून बसीन या जुन्या नावाचा बीएसआर. रेल्वेची करंगळीही अजून जुन्याच कळीवर आहे.

मत तयार झाल्यावर ते माणूस पाहून द्यावे. जुन्या कंपनीचा लॅपटॉप वापरणाऱ्या शेजाऱ्याला “फार फरक नाही” एवढे सांगावे, त्याला बरे वाटते. नवा घेण्याच्या विचारात असलेल्याला दोन दोष आणि एक गुण सांगावा. तीन गुण सांगितले तर त्याच्या लॅपटॉपचे सेटिंग जन्मभर आपल्याच गळ्यात पडते. अकरावीतल्या भाच्यासमोर काहीच बोलू नये. त्याला रॅम, ग्राफिक्स आणि स्क्रीनचा रिफ्रेश रेट तोंडपाठ असतो आणि तो सगळ्यांदेखत म्हणतो, “मामा, ह्याच पैशांत दुसरा मिळाला असता.”

राहिली किंमत. खरेदीनंतर निदान सहा महिने त्या मॉडेलचा भाव कुठेही पाहू नये, दिवाळीच्या सेलमध्ये तर मुळीच नाही. पाहिलाच, तर घरात बोलू नये. घरातल्यांनी तो आपल्याआधीच पाहिलेला असतो आणि योग्य वेळेसाठी राखून ठेवलेला असतो.