टॉवेल-टोपीची गाठोडी

बीडकडे राहून संसार आटोपशीर ठेवायचा म्हटलं, की पहिली आडवी येते ती टॉवेल-टोपी. लग्न असो, वास्तुशांती असो, पाहुण्याला ती चढवल्याशिवाय यजमानाच्या जिवाला चैन पडत नाही. टॉवेल इतका विरळ, की त्यातून समोरचा मांडव दिसावा. तो पाणी टिपत नाही, नुसतं अंगभर फिरवतो. टोपी ज्याच्या डोक्यात बसेल तो माणूस अजून जन्माला यायचाय. त्यामुळे ही जोडी वापरायची नसते, पुढच्या लग्नात दुसऱ्याला द्यायची असते. माझ्या कपाटातल्या काही टोप्यांनी माझ्यापेक्षा जास्त लग्नं पाहिलीत. शिवाय श्रीखंडाचे रिकामे डबे, बंद पडलेल्या मोबाईलचे चार्जर आणि कुठल्या कुलपाच्या आहेत ते कुलपालाच ठाऊक अशा किल्ल्या.

हे सगळं काढून टाकायचं मनाने घेतलं ते नारायणगडावर. आमच्या भागात गड म्हटलं की तोफा-बुरूज डोळ्यांपुढे येत नाहीत, टाळ-मृदंग येतात. गहिनीनाथगड तसा, भगवानगड तसा, आणि नगद नारायण महाराजांचा हा नारायणगडही तसाच. याला धाकटी पंढरी म्हणतात. इथल्या माणिकबाबांचे शिष्य भगवानबाबा (1896-1965) याच गडावरचे. पुढे त्यांनी हा गड सोडला आणि धौम्यगडावर नव्याने सगळं उभं केलं. त्यालाच आज भगवानगड म्हणतात. हे कुणीतरी रंगवून सांगत होतं आणि मी ऐकत होतो. माणसं गड सोडून जातात, मला श्रीखंडाचा डबा सोडवत नाही!

एकादशी होती. भगर आणि शेंगदाण्याची आमटी अशी काही जेवलो, की ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण माझ्यावरूनच पडली असावी. मग सावलीला टेकलो. वारा सुटला होता, फोनला रेंज नव्हती, आणि खरं सांगतो, त्या घटकेला मला काही म्हणजे काहीच नको होतं. हे वैराग्य मोटारसायकलीपर्यंत टिकलं. तिथे एकजण बॅटरी लावलेलं नेलकटर विकत होता. दोन घेतली. एक हरवलं तर असावं.

माझी चुलती आषाढीला गडाच्या दिंडीबरोबर पंढरपूरला चालत जाते. तिचं सामान खताच्या एका धुतलेल्या गोणीत मावतं. दोन लुगडी, कांबळं, ताटली, तांब्या, पावसासाठी प्लास्टिकचा कागद, मिश्रीची डबी. गोणी ट्रकात, चुलती रस्त्यावर.

“काकू, एवढ्यात भागतं?”

“भागत न्हाई रं, भागवायचं. अन् गोणी चढवायला-उतरवायला माणूस कुठून आणू?”

मी भारावलो. पण घरी चुलतीच्या तीन ट्रंका आहेत आणि त्यातला एक फुटका चमचाही ती कुणाला हलवू देत नाही.

याच भागातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात. त्यांचाही अख्खा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतो आणि पुढे काही महिने कोपीत राहतो. त्याला साधी राहणी म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही. मुकादमाची उचल अंगावर असताना कमी सामानाचं कौतुक कोण करणार? ज्याच्याकडे टाकायला काही आहे त्यानेच टाकण्याच्या गप्पा माराव्यात.

माझा पुण्याचा भाचा मारतो. पांढरी भिंत, एक खुर्ची, एक कुंडी. “मामा, याला मिनिमलिझम म्हणतात.” त्याचा जुना सोफा, कपाट आणि जिन्यात न मावणारा पलंग माझ्या पुढच्या खोलीत आहेत. त्याच्या मनःशांतीवर दर रविवारी मी फडकं मारतो.

तरी मी नेट धरला. टोप्या-टॉवेलांची गाठोडी बांधून दिंडीवाल्यांना दिली. चुलती म्हणाली, वाफाळती पातेली उतरवायला बरे आहेत. डबे भंगारात घातले. कपाट उघडलं तर मागची फळी दिसली; तिला रंग आहे हे पहिल्यांदाच कळलं. घरच्यांची दृष्ट लागू नये म्हणून मी ते लगेच बंद केलं.

पण बातमी पुण्याला पोचली होती. संध्याकाळी भाच्याचा फोन.

“मामा, तुमच्याकडे म्हणे जागा झाली. माझा ट्रेडमिल तसाच पडून आहे.”

“अरे, मला काय करायचाय तो?”

“कपडे वाळत घालायला भारी आहे. टेम्पो निघालाय.”